राजीनाम्याआधीचा हिशेब : नागपुरात स्वप्नामागे जायचे तर खर्च किती?

सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात कार्यक्रम ऐकायला नागपूरकर नेहमी जातात. ज्यांचे नाव या सभागृहाला दिले आहे, ते वसंतराव दोन दशकांहून अधिक काळ पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. गाण्याचे पहिले शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. नोकरीपायी त्यांची थेट ईशान्य सीमेकडे बदलीही झाली. पूर्णवेळ गाण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली ती साठच्या दशकाच्या मध्यास, चाळिशी उलटल्यावर. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले आणि त्यांनी रंगवलेले खाँसाहेब घराघरात पोचले.

नोकरीत असतानाही त्यांचे गाणे चालूच होते. मैफली होत होत्या, चित्रपटांसाठी गाणे होत होते. नोकरी सुटली तेव्हा गायक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. आज मिहानमधला इंजिनिअर, अंबाझरी आयुध निर्माणीतला तंत्रज्ञ किंवा बुटीबोरीतल्या कारखान्यातला अकाउंटंट जेव्हा ‘बस झाले, आता आपल्या मनाचे करायचे’ म्हणतो, तेव्हा धाडस आहे की नाही एवढीच चर्चा होते. खर्च वाढतो तो मात्र चुकीच्या तारखेला दिलेल्या राजीनाम्याने. दोन महिने आधी सोडली म्हणून ग्रॅच्युइटी गेली, महिनाभर उशिरा जाग आली म्हणून विम्याची सलगता तुटली, अशी उदाहरणे कोणत्याही कर सल्लागाराकडे ढिगाने मिळतील. तेव्हा आधी कागद-पेन घ्या.

पगाराच्या चिठ्ठीत दडलेले पैसे

समजा, हातात दरमहा ६०,००० रुपये येतात आणि मूळ पगार अधिक महागाई भत्ता ३०,००० आहे. मग तुमचा पगार ६०,००० नाही. तुमच्या खिशातून पीएफमध्ये १२ टक्के म्हणजे ३,६०० जातात आणि तेवढेच कंपनी घालते. म्हणजे नोकरी सोडल्याच्या दिवसापासून कंपनीचे वर्षाला ४३,२०० रुपये बंद होतात आणि तुमची सक्तीची बचतही थांबते. कंपनीच्या हिश्शातूनच पेन्शन योजनेचा वाटा जातो. ही पेन्शन मिळायला १० वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षे झाली असतील, तर उरलेला काळ काढणे शहाणपणाचे.

पीएफ खात्याला जोडलेले ‘ईडीएलआय’चे ७ लाखांपर्यंतचे विमाछत्रही नोकरीबरोबर संपते. कंपनीच्या गटविम्यात आई-वडील असतील तर तेही उघड्यावर पडतात. याशिवाय भरपगारी सुट्या, दिवाळीचा बोनस, कंपनीची बस, कँटीनचे जेवण. प्रत्येकाची किंमत लिहा. बहुतेकांचा खरा पगार हातात येणाऱ्या रकमेच्या बराच वर निघतो, आणि नव्या कामातून तेवढे उभे करायचे असते.

जाताना हातात काय पडते?

ग्रॅच्युइटी : पाच वर्षांची सलग सेवा झाली की हक्क लागतो. सूत्र सोपे : शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. आठ वर्षे सेवा आणि ३०,००० मूळ पगार असेल तर १,३८,४६२ रुपये. ती ३० दिवसांत मिळायला हवी. साडेचार वर्षांवर असाल तर थांबा.

शिल्लक रजेचे पैसे : कंपनीचे नियम वाचा. काही ठिकाणी वर्षअखेरीस रजा बुडते, काही ठिकाणी साठते.

राहिलेला पगार : २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता व्हायला हवा. कायदा असे सांगतो. तुम्ही मात्र ‘फुल अँड फायनल’चे पैसे दोन महिने येणार नाहीत असेच धरा.

पीएफ : याला भांडवल समजू नका. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असताना रक्कम काढली तर ती करपात्र ठरते, आणि रक्कम ५०,००० वर असेल तर टीडीएसही कापला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवण्याचा आणि पूर्ण रक्कम काढण्यासाठी बारा महिने बेरोजगारीची अट घालण्याचा निर्णय घेतला. तेव्हा सध्याचा नियम ईपीएफओच्या संकेतस्थळावर किंवा रघुजीनगरच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्या. शक्य असेल तर रक्कम तशीच राहू द्या, त्यावर व्याज चालू राहते.

वजा बाजू : नोटीस पूर्ण केली नाही तर तेवढा पगार कापला जातो. प्रशिक्षणाचा करार, जॉइनिंग बोनस परत करण्याची अट, कंपनीकडून घेतलेले कर्ज ही कलमे नियुक्तीपत्रात शोधा.

सरकारी नोकरी असेल तर दोनदा विचार

महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार सरळ राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते, म्हणजे पेन्शनवर पाणी. स्वेच्छानिवृत्तीचे तसे नाही. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली आणि तीन महिन्यांची नोटीस दिली की पेन्शन लागते. १ नोव्हेंबर २००५ आधी रुजू झालेल्या बहुतेकांची वीस वर्षे आता भरली आहेत. त्यांनी ‘राजीनामा’ हा शब्द अर्जात लिहूसुद्धा नये. नंतर रुजू झालेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजनेतून मुदतीआधी बाहेर पडताना साठलेल्या रकमेचा मोठा भाग ॲन्युइटीत गुंतवावा लागतो, हातात थोडेच येते.

नोकरीत राहून स्वप्न तपासायचे असेल तर १९७९ चे वर्तणूक नियम वाचा. खासगी धंद्याला बंदी आहे. अधूनमधून केलेल्या साहित्यिक व कलाविषयक कामाला मात्र अटींसह मोकळीक आहे. असाधारण रजेची तरतूदही विचारून पाहा. खासगी नोकरीतही दुसऱ्या कामाबद्दलचे कलम असतेच. लपूनछपून केलेले काम शेवटच्या महिन्यात महागात पडते.

राजीनाम्याच्या आधी करायची चार कामे

१. आरोग्यविमा. गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. नोकरी सुटण्याआधी अर्ज केला तर आधीच्या काळाचा फायदा मिळतो. नवी पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा चालत नाही आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. वडिलांना मधुमेह असेल तर हा मुद्दा लाखांचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावर जीएसटी नाही, एवढा दिलासा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे ५ लाखांपर्यंतचे संरक्षणही आहे, पण ते ठरावीक उपचारांना आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांची सोमवारीपेठेतल्या ईएसआय रुग्णालयाची सोय नोकरीनंतर कायम राहत नाही. बेरोजगार विमाधारकांसाठीचा भत्ताही स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला मिळत नाही.

२. मुदत विमा. घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर मोठ्या रकमेची टर्म पॉलिसी पगाराच्या चिठ्ठ्या हाताशी आहेत तोवर घ्या. नंतर उत्पन्नाचा पुरावा देताना घाम फुटतो.

३. कर्जाची कामे. गृहकर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचे असेल, व्याजदर कमी करून घ्यायचा असेल तर आत्ताच. नोकरी सुटली की बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. वैयक्तिक कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन मात्र बाहेर पडू नका.

४. कागद. कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवपत्र, फॉर्म १६, शेवटच्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या, पीएफ खात्यात आधार-पॅन-बँक जोडणी आणि नोकरी सोडल्याची तारीख. ही तारीख नोंदवली नसल्यानेच पीएफचे अर्ज अडकतात.

नागपूरच्या एका घराचा हिशेब

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. मनीषनगर किंवा नरेंद्रनगरात स्वतःचा फ्लॅट, नवरा-बायको आणि दोन मुले, कमावणारे एकच, असे धरले आहे. तुमचे आकडे घालून पाहा.

घराचा हप्ता : १८,०००
किराणा, दूध, गॅस, वीज, मोबाइल : १६,०००
शाळा व शिकवणी : ६,०००
पेट्रोल व गाडी : ५,०००
आई-वडिलांची औषधे : ३,०००
वर्षातून एकदा येणारे खर्च, महिन्यावर वाटून : ७,०००
एकूण : ५५,०००

एकूणच्या वरच्या ओळीकडेच लोक काणाडोळा करतात. त्यात महापालिकेचा मालमत्ता कर, जूनमधली शाळेची फी, गाडीचा विमा, दिवाळी, लग्नातले आहेर आणि कूलर-एसीमुळे फुगणारे एप्रिल ते जूनचे विजेचे बिल येते. बँकेचे मागच्या बारा महिन्यांचे स्टेटमेंट उघडून पेन्सिलीने खुणा करा. अंदाजाने लिहिलेला आकडा हमखास कमी निघतो.

आता स्वतःच्या विम्याचे ४,००० मिळवा, ऑफिसला जाण्याच्या पेट्रोलचे २,००० वजा करा. नवा आकडा ५७,०००. बारा महिन्यांचे ६,८४,०००. कामाची साधने २,००,००० धरली तर ८,८४,०००. त्यावर दहा टक्के अडीनडीचे, म्हणजे ८८,४००. एकूण ९,७२,४००. यातून ग्रॅच्युइटी १,३८,४६२ आणि वीस दिवसांच्या रजेचे २०,००० वजा केले की ८,१३,९३८ उरतात. आठ लाख चौदा हजार रुपये, तेही बँकेत किंवा लिक्विड फंडात, सहज काढता येतील असे. सोने, प्लॉट आणि पीएफ यात धरायचे नाही.

जोडीदाराचा पगार असेल तर त्यातून भागणारा खर्च वजा करा, रक्कम निम्म्यावरही येईल. गाणे, नाटक, लेखन अशा क्षेत्रात जात असाल तर बारा महिन्यांऐवजी अठरा धरा, कारण तिथे काम झाल्यावर पैसे यायलाही महिने जातात.

कमाईची बाजूही तितक्याच कठोरपणे मांडा. घरी गाण्याचा क्लास काढला, ४० विद्यार्थी आले, फी १,००० ठेवली, तर महिन्याचे ४०,००० दिसतात. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात अर्धी पोरे मामाच्या गावाला आणि अर्धी शिबिरांना. एक महिना कोरडा धरला की सरासरी ३६,६६७. घरखर्च ५७,००० आणि तबलजी, वाद्यांची देखभाल, जाहिरात यांचे ८,००० मिळून गरज ६५,००० ची. म्हणजे दरमहा २८,३३३ कार्यक्रमांतून यायला हवेत. तेवढे कार्यक्रम आज, नोकरीत असताना, शनिवार-रविवारी मिळतात का? उत्तर नाही असेल तर सोमवार मोकळा झाल्यानेही मिळणार नाहीत.

बेकिंगवाल्यांनी केकची किंमत काढताना मैदा-लोणी-खोक्यापाशी थांबू नये. विजेचा खर्च, घरपोच करणाऱ्याचे पैसे, वाया गेलेला एखादा केक आणि स्वतःच्या तीन तासांची मजुरी धरा. ओळखीत ‘आपल्याच माणसाला’ दिलेला भाव बाजारात टिकत नाही.

नोंदण्या : स्वस्त आहेत, पण विसरू नका

उद्यम नोंदणी : सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत. पैसे मागणारी नकली संकेतस्थळे बरीच आहेत.
शॉप ॲक्ट : मोजकेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची.
व्यवसाय कर : नोकरीत कंपनी कापत होती. आता स्वतः नोंदणी करून वर्षाला २,५०० भरायचे.
खाद्यपदार्थ : लहान व्यवसायाच्या एफएसएसएआय मूळ नोंदणीला वर्षाला १०० रुपये.
जीएसटी : सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाख आणि वस्तूंसाठी ४० लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही.
वीज : घराच्या एका भागात काम करत असाल आणि वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल, तर महावितरणच्या दररचनेत घरगुती दर चालतो. मोठा ओव्हन लावला की ही मर्यादा ओलांडते, मग वाणिज्यिक दर.

आयकरात पगारदाराची ७५,००० ची प्रमाणित वजावट जाते. त्याऐवजी कामाचे खरे खर्च दाखवता येतात. ठरावीक व्यवसायांना जमेच्या ५० टक्के नफा धरून विवरणपत्र भरण्याची सोपी सोय आहे. तुमचे काम त्यात बसते का, हे सीएला विचारा. वर्षाचा कर १०,००० किंवा अधिक होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. पगारातून आपोआप कापला जाण्याचे दिवस संपले. आलेल्या प्रत्येक रकमेतला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायची सवय लावा.

भांडवल : अनुदानाच्या भरवशावर नको

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत, म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात चौकशी करायची. मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,०००, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. कर्ज मंजूर करायचे की नाही हे बँक ठरवते. अनुदान सुरुवातीला हातात पडत नाही, ते बँकेत अडकून राहते आणि हप्ते मात्र आधी सुरू होतात. ‘अनुदान मिळवून देतो’ म्हणत टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच नमस्कार करा. पहिल्या वर्षी साधने भाड्याने किंवा जुनी घ्या.

तारीख कोणती?

आधी कंपनीचे कॅलेंडर पाहा : ग्रॅच्युइटीची पाच वर्षे, पेन्शनची दहा वर्षे, बोनस आणि वाढीचा महिना. मग स्वप्नाचे कॅलेंडर. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपतो. नाटकाच्या कंपन्यांचे केंद्र वडसा, तेव्हा दिवाळीनंतर राजीनामा देणारा नट पहिले वर्ष बसूनच काढतो. मूर्तिकाराला महालातली चितार ओळ गणेशोत्सवाच्या कित्येक महिने आधी गाठावी लागते. पुस्तकविक्री वा प्रकाशनात उतरणाऱ्याने दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन चुकवू नये. खाद्यव्यवसायाला डिसेंबरचे हिवाळी अधिवेशन आणि लग्नसराई हात देते. क्लास जूनमध्ये भरतात. हंगामाच्या दोन-तीन महिने आधी मोकळे व्हा, हंगाम उलटल्यावर नको.

फसवणूक झाली तर

नवे स्वप्न पाहणारा हा क्लासवाले, फ्रँचायझीवाले आणि ‘शंभर टक्के काम’ देणाऱ्या अभिनय शाळांचा आवडता ग्राहक. पूर्ण फी एकरकमी भरू नका. फी परत मिळण्याची अट लेखी घ्या, पावतीवर जीएसटी क्रमांक बघा आणि जुन्या विद्यार्थ्यांना स्वतः गाठा. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही, हा समज अर्धवट आहे. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला कॅमेरा किंवा ओव्हन सदोष निघाला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही ग्राहकच ठरता. ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तू-सेवेच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. पहिला फोन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५.

निकाल काय?

बारा महिन्यांचा खर्च बाजूला, विमा स्वतःच्या नावावर, ग्रॅच्युइटीचा टप्पा पार, आणि सलग सहा महिने नोकरी सांभाळून स्वप्नातून गरजेच्या तिसऱ्या हिश्शाइतकी कमाई, या चारही गोष्टी जमल्या असतील तर राजीनामा द्या आणि चांगल्या शब्दांत द्या, कारण जुने साहेब पुढे पहिले गिऱ्हाईक होऊ शकतात. तीन जमल्या असतील तर चौथीसाठी तारीख ठरवा. दोनच असतील तर नोकरी करत राहा आणि संध्याकाळ स्वप्नाला द्या. घरातल्यांना हा कागद दाखवल्याशिवाय मात्र कोणतीही तारीख पक्की करू नका, कारण त्यातल्या अर्ध्या ओळी त्यांच्या खर्चाच्या आहेत.